लेखी द्या

"पाच मिनिटं बोलूया का? ४ वाजता."

टीम लीडचा हा मेसेज सकाळी ११ वाजता आला. विषय लिहिलेला नव्हता. त्यानंतरच्या पाच तासांत माझ्या हातून काम झालं शून्य. गेल्या महिन्यात कुणाला काय बोलले, कुठला बग सुटला, कुठल्या ईमेलला उत्तर द्यायचं राहिलं, सगळं उकरून काढलं. जेवण गेलं नाही. चार वाजता कळलं की शुक्रवारची सुट्टी मी सिस्टीममध्ये टाकली आहे का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी ऑटिस्टिक आहे. हे मला वयाच्या ३१व्या वर्षी कळलं. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. निदान झाल्यावर मी एचआरकडे चार गोष्टी मागितल्या. मीटिंगच्या निरोपात एका ओळीत विषय लिहावा. तोंडी सांगितलेलं काम नंतर दोन ओळींत ईमेल करावं. रोज नवी जागा शोधण्याऐवजी भिंतीलगतची एक ठरलेली खुर्ची मिळावी. आणि कामाच्या वेळात हेडफोन लावू द्यावा, तो माझा मीच विकत घेतला आहे. चारही गोष्टींचा कंपनीला खर्च शून्य रुपये.

उत्तर ११ दिवसांनी आलं. मोकळेपणाने सांगितल्याबद्दल माझं कौतुक होतं आणि खाली लिहिलं होतं, 'एकाला दिलं तर सगळ्यांनाच द्यावं लागेल.'

मग द्या की सगळ्यांना! मीटिंगचा विषय आधी कळला तर कुणाचं नुकसान होणार आहे?

आणि ऑफिसात सवलती नसतात, असं समजू नका. सिगारेट ओढणारे दिवसातून सहा वेळा खाली जातात, त्यांच्याकडे कुणी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागत नाही. गणपतीत अर्धी टीम गावी जाते म्हणून रिलीजची तारीख पुढे सरकते. एसी किती डिग्रीवर ठेवायचा यावर दर उन्हाळ्यात महायुद्ध होतं आणि कुणाच्या तरी मनासारखं होतंच. या सगळ्या सोयीच आहेत. बहुतेकांना लागतात म्हणून त्यांना 'ऑफिस' म्हणतात. मला लागणारी सोय थोड्यांना लागते, म्हणून ती 'स्पेशल ट्रीटमेंट'.

"पण तू तर अगदी नॉर्मल वाटतेस." हे वाक्य कौतुक म्हणून येतं. नॉर्मल वाटण्यासाठी काय करावं लागतं, ते सांगते. सकाळच्या स्टँड-अपमध्ये बोलायची तीन वाक्यं मी बसमध्ये पाठ करते. समोरच्याच्या डोळ्यांऐवजी भुवयांमध्ये बघते. "बघ जरा, नीट करून टाक" या वाक्यात 'आज' आहे की 'सवडीने', 'जरा' आहे की 'पूर्ण', याचा अंदाज बांधत राहते. घरी पोचल्यावर दिवा न लावता तासभर पडून राहते. मराठीत या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. दिवसभर दुसऱ्यांच्या मनात काय आहे ते ओळखण्यात जी दमून जाते, तिला आपली भाषा 'स्वतःत मग्न' म्हणते! शब्द बदलायला वेळ लागेल. दोन ओळींचा ईमेल करायला लागत नाही.

आता कायद्याकडे येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ला. १९९५च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यात २१ आहेत आणि त्यांत ऑटिझम आहे. कलम २ मध्ये भेदभावाची व्याख्या आहे. तिच्यात 'रीझनेबल अकॉमोडेशन' नाकारणंही धरलं आहे. म्हणजे समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता करता येतील असे आवश्यक बदल. खुर्ची भिंतीला लावणं हा किती बोजा आहे, हे तुम्हीच ठरवा.

पण याच कायद्यात एक मोठं भगदाड आहे. नोकरीत असे बदल करून द्यायची स्पष्ट सक्ती आहे कलम २० मध्ये, आणि ते कलम 'प्रत्येक सरकारी आस्थापना' एवढं म्हणून थांबतं. खासगी कंपनीच्या वाट्याला येतं कलम २१: समान संधी धोरण तयार करा आणि जाहीर करा. नियमांनुसार २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात कोणत्या सोयी देणार हे लिहायचं असतं, त्यासाठी एक संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. मी आमच्या एचआरकडे या धोरणाची प्रत मागितली. मला महिला दिनाचं प्रेझेंटेशन आलं.

"किती टक्के आहे तुझं?" हा पुढचा प्रश्न. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, हे खरं. पण सोय मागायला ती अट नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच सांगितलं. रायटर्स क्रॅम्प असलेल्या उमेदवाराला, ४० टक्क्यांत बसत नसला तरी, परीक्षेत लेखनिक मिळाला पाहिजे. आरक्षण वेगळं, सोय वेगळी. आमच्या एचआरने दोन्हींची खिचडी केली आणि माझ्या ताटात काहीच वाढलं नाही.

आता खरी गोष्ट. एचआरने नाही म्हटल्यावर माझ्या तेव्हाच्या मॅनेजरनेच मला बोलावलं. भला माणूस. म्हणाला, "ते पॉलिसी वगैरे सोड. तुझ्यासाठी म्हणून मी करतो." आणि त्याने केलंही. खुर्ची मिळाली, ईमेल यायला लागले. आठ महिने मी माणसासारखं काम केलं. मग त्याची दुसऱ्या प्रोजेक्टवर बदली झाली. नवीन मॅनेजर आली. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "आधीच्यांनी तुला फार लाडावून ठेवलंय गं." खुर्ची गेली. ईमेल थांबले. त्या तिमाहीच्या अप्रेझलमध्ये शेरा आला: कामाच्या सूचना समजून घेण्यात कमी पडते, टीम प्लेअर नाही.

ज्या चांगुलपणावर मी आठ महिने जगले, त्याचा कागदावर मागमूस नव्हता. उपकाराची बदली होते. म्हणून मला आता चांगला मॅनेजर नको आहे. मला कागद हवा आहे.

दर २ एप्रिलला, ऑटिझम जागरूकता दिनी, आमच्या लॉबीत निळे फुगे लागतात. दिवसभर ते फटाफट फुटतात. ज्यांच्यासाठी लावले, त्यांना त्या आवाजाचं काय होतं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आणखी एक सापळा आहे. एसएपीसारख्या कंपनीने २०१३ मध्ये ऑटिस्टिक लोकांना नोकरी देण्याची मोहीम जाहीर केली. चांगलंच झालं. पण तेव्हापासून आमची बाजू घेणारेसुद्धा म्हणतात, यांना संधी द्या, हे लोक जीनियस असतात, एकही चूक सोडत नाहीत. मी सोडते. मी बरी टेस्टर आहे, फार थोर नाही. तुमच्या ऑफिसात साधारण काम करणारे किती आहेत, मोजा. त्यांना खुर्ची मिळवण्यासाठी आइनस्टाइन व्हावं लागलं का?

तुम्ही माझ्यासारखे असाल, तर ऑफिसात सांगावं की नाही याचा सल्ला मी देणार नाही. सांगण्याची किंमत मी मोजली आहे, ती प्रत्येकाला परवडेल असं नाही. पण सांगणार असाल तर ईमेलने सांगा. 'मला त्रास होतो' एवढ्यावर थांबू नका, नेमकं काय हवं ते एक-दोन-तीन करून लिहा. समान संधी धोरणाची प्रत मागा. कुणी तोंडी हो म्हटलं, तर त्याच दिवशी 'आपलं असं ठरलं' म्हणून ईमेल टाका. कुणीच दाद दिली नाही, तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे.

आणि तुम्ही टीम लीड असाल, तर कायदा वाचू नका हवं तर. पुढचा मेसेज एवढाच पाठवा: "पाच मिनिटं बोलूया का? शुक्रवारच्या सुट्टीबद्दल." दोन शब्द वाढले. माझे पाच तास वाचले.

एचआरला मी परवा तिसरा ईमेल केला आहे. मागण्या त्याच चार आहेत. पाचवी वाढवली आहे: उत्तर लेखी द्या.