वृद्धांची धाप आणि सरकारची खाट

रिसोड तालुक्यातील देगावच्या वसतिगृहात फेब्रुवारी २०२१ मध्ये २२९ विद्यार्थी करोनाबाधित निघाले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष वाशीमकडे वेधले गेले. परंतु असल्या साथींचा खरा मार मुलांवर नसतो. तरुणाला जो विषाणू चार दिवसांचा ताप देऊन सोडतो, तोच साठी उलटलेल्या मधुमेही वा दमेकरी माणसास प्राणवायूच्या नळीपर्यंत नेतो. इन्फ्ल्यूएन्झाही हेच करतो. फक्त त्याची बातमी होत नाही. 'साधे पडसे' म्हणून म्हातारा ओसरीवर पडून राहतो आणि धाप लागल्यावर वाहनाची शोधाशोध सुरू होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभले. त्याच महिन्यात सत्तरी गाठलेल्यांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची आयुष्मान योजना खुली झाली. दोहोंचे आम्ही स्वागतच करतो. पण ही सारी तजवीज माणूस खाटेला खिळल्यानंतरची! राष्ट्रीय सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात वृद्धांसाठी फ्लूची वार्षिक लस नाही. १ मार्च २०२१ पासून साठीपुढील नागरिकांना करोनाची लस टोचण्याचे काम याच सरकारी यंत्रणेने केले होते. तेव्हा ती अपुरी आहे, ही सबब टिकणारी नव्हे. खाटेसाठी पाच लाख मोजावयास सिद्ध असलेल्या सरकारला सुईचा खर्च जड का जावा? मानोरा-मालेगावच्या आरोग्य केंद्रांत पावसाळ्यापूर्वी ही लस वृद्धांस केव्हापासून मिळणार, ती तारीख आरोग्यमंत्र्यांनी जाहीर करावी.