सर्व मालाला एकच माप

२०२४ च्या जून महिन्यात महाराष्ट्रातील शाळा सुरू झाल्या, परंतु सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील असंख्य मुलांच्या अंगावर नवा गणवेश चढला नाही. ऑगस्टचे झेंडावंदनही कित्येक शाळांनी जुन्या कपड्यांतच उरकले. ‘एक राज्य, एक गणवेश’ या योजनेखाली त्या वर्षी पहिली ते आठवीच्या मुलांसाठी राज्यपातळीवर एकत्रित निविदा काढून कापड घ्यावयाचे आणि महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांकडून ते शिवून घ्यावयाचे, असे ठरले होते. कागदावर या योजनेत खोट काढण्याजोगे फारसे नव्हते. मोठी मागणी, म्हणून कमी दर. सर्वत्र सारखे कापड, म्हणून भेदभाव नाही. शिवाय महिलांना काम. प्रत्यक्षात कापड उशिरा आले, मापे चुकली, आणि जे गणवेश आले त्यांतले अनेक कोणाच्याच अंगाला बसेनात. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने आपला निर्णय मागे घेतला आणि गणवेशाची खरेदी पूर्वीप्रमाणे शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविली.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षकांना या प्रकरणातील विसंगती अधिक बोचली असल्यास नवल नाही. ज्या जिल्ह्यात इचलकरंजीसारखे यंत्रमागांचे शहर आहे, जेथे गावोगावी शिंपी आहेत, तेथील मुलांनी शर्टासाठी मुंबईतील निविदेची वाट पाहत बसावे हा प्रकार विलक्षणच म्हटला पाहिजे. परंतु यावरून ‘केंद्रीकरण वाईट, स्थानिक खरेदी चांगली’ असा निष्कर्ष काढण्याची जी घाई सर्वत्र दिसते, ती तितकीच चुकीची आहे. प्रश्न खरेदी कोठे व्हावी हा नसून काय खरेदी करावयाचे आहे हा आहे. आणि सरकारी व्यवहारात नेमका हाच प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो.

कोल्हापुरातील कोणत्याही जाणत्या गृहिणीला हे शास्त्र शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची पारखून ती वर्षाची चटणी एकदाच करून ठेवते. तांदूळ, गहू यांची बेगमी हंगामात होते. कोथिंबीर मात्र रोज मंडईतून येते. ती घाऊक घेण्यात शहाणपण नाही. आणि सोने घ्यावयाचे झाल्यास ती गुजरीत दहा दुकानांत दर विचारीत हिंडत नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीच्या सराफाकडेच जाते. कारण तेथे दरापेक्षा कसाला महत्त्व असते. एकाच घरात, एकाच पैशातून, चार प्रकारच्या मालाला खरेदीच्या चार रीती. व्यवस्थापनशास्त्राने हीच गोष्ट १९८३ मध्ये पीटर क्राल्जिक यांच्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखातून मांडली. मालाचा खर्चातील वाटा किती आणि तो मिळण्यातील अडचण किती, या दोन कसोट्यांवर त्याची वर्गवारी करावी आणि प्रत्येक वर्गाला खरेदीचे वेगळे धोरण असावे, हे त्या लेखाचे सार. जगातील मोठ्या उद्योगांनी ते उचलले. आपल्या कार्यालयांत मात्र कागद, खुर्च्या, सलाईन आणि क्ष-किरण यंत्र या सर्वांची फाईल एकाच वाटेने चालते.

रुग्णालयाच्या औषधभांडारात तर या वर्गवारीचे साधन फार पूर्वीपासून परिचित आहे. एक यादी खर्चावरून होते. कोणत्या थोड्या वस्तूंवर बहुतेक पैसा जातो, हे तीवरून कळते. दुसरी यादी निकडीवरून होते. प्राणरक्षक, आवश्यक आणि असल्यास बरे, असे तिचे तीन भाग. या दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्यांच्या न जुळण्यातच सारा धोका दडलेला असतो. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेले ग्लिसेरॉल औषधी दर्जाचे नव्हते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीची जी लक्तरे वेशीवर टांगली, ती त्या पिढीतील वाचकांच्या स्मरणात असतील. ग्लिसेरॉल ही भांडाराच्या हिशेबात किरकोळ बाब, पण रुग्णाच्या हिशेबात प्राणाशी गाठ. खर्चाच्या यादीवर जो नजर ठेवतो त्याला अशी बाटली दिसतच नाही.

त्यानंतर तीस वर्षांनी शासनाने दुसरे टोक गाठले. २०१७ मध्ये सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या विभागांची औषधे, साहित्य व यंत्रसामग्री यांची खरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपविण्यात आली. १९७५ मध्ये स्थापन झालेले हे महामंडळ लसी बनविण्यासाठी ख्यातनाम. ज्याला उत्तम स्वयंपाक येतो त्याला बाजारहाटही उत्तम येतो, अशी काहीशी समजूत या निर्णयामागे असावी. सुईपासून महागड्या यंत्रापर्यंत सर्व मागण्या एकाच टेबलावर येऊन पडल्या. निविदा रेंगाळल्या, विभागांनी वर्ग केलेला निधी पडून राहिला, आणि सरकारी रुग्णालयांच्या फाटकाबाहेर औषधाची चिठ्ठी हाती धरून दुकान शोधणारे नातेवाईक हे नित्याचे दृश्य झाले. मधल्या काळात स्थानिक खरेदीची मुभा देऊन वेळ निभावण्यात आली. पण छोट्या खरेदीला दर चढा पडतो आणि औषधाच्या तपासणीला सवडही मिळत नाही. २०२३ मध्ये राज्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधांचा तुटवडा नव्हता असे शासनाने सांगितले. तरीही उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि औषधखरेदीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

मग औषधांची केंद्रीय खरेदी जमतच नाही काय? तमिळनाडूने ती जमवून दाखविली आहे. तेथील वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले आणि १९९५ पासून काम करू लागले. त्याने आधी अत्यावश्यक औषधांची यादी आखडती केली. निविदेत तांत्रिक पात्रतेचे पाकीट वेगळे, दराचे वेगळे. पहिल्यात जो उतरला नाही त्याचे दुसरे पाकीट उघडायचेच नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली. आलेल्या मालाचे नमुने प्रयोगशाळेतून तपासून आल्यावाचून तो रुग्णालयात जात नाही. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक दिले. त्यात वर्षाची रक्कम जमा, आणि जे औषध उचलले त्याची किंमत वजा. म्हणजे दर ठरविण्याचे काम एका ठिकाणी, परंतु काय व किती हवे हे ठरविण्याचे काम जेथे रुग्ण आहे तेथे. केंद्रीकरण आणि विकेंद्रीकरण हे शब्द येथे एकमेकांचे वैरी राहत नाहीत. महाराष्ट्राने तमिळनाडूच्या महामंडळाचे नाव वारंवार घेतले, पण ही वाटणी मात्र घेतली नाही.

वर्गवारीच्या या विचाराला कार्यालयांतून एक आक्षेप हमखास येतो, आणि तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही. नियम एकच असला की अधिकाऱ्याला संरक्षण मिळते. वस्तुपरत्वे पद्धत बदलण्याची मुभा दिली की संशयाला जागा होते आणि उद्या लेखापरीक्षणात उत्तर देताना लिपिकापासून संचालकापर्यंत सर्वांची धांदल उडते. हे खरेच आहे. सर्वांत कमी दर स्वीकारणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही, औषध तीन महिने उशिरा आले तरी. म्हणूनच वर्गवारी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता कामा नये. कोणती वस्तू कोणत्या वर्गात आणि त्या वर्गाची खरेदीची रीत कोणती, हे वर्षारंभी लिहून जाहीर झाले पाहिजे. १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची कार्यपद्धती नव्याने घालून दिली. पुढच्याच वर्षी राज्याने केंद्राची ई-बाजारपेठ स्वीकारली. कागद, खुर्ची, संगणक यांच्यासाठी ही बाजारपेठ पुरेशी आहे. त्यासाठी समित्या भरवीत बसण्याचे कारण नाही. वाचलेला वेळ आणि माणसे प्राणरक्षक औषधांच्या यादीमागे लावता येतील. आणखी एक गोष्ट दराच्या चर्चेत नेहमी निसटते. देयके महिनोन्‌महिने थकविणाऱ्या खरेदीदाराला चांगला पुरवठादार दारात उभा करीत नाही. जो येतो तो थकबाकीचे व्याज दरात आधीच मिसळून येतो.

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात केवळ या जिल्ह्याचे नव्हे, तर कोकणातले आणि सीमाभागातलेही रुग्ण येतात. येथील गरज काय, हे मुंबईतील कोणत्याही निविदेला आपोआप कळणार नाही. पावसाळ्यात शेतात सर्पदंश वाढतात, हे गडहिंग्लज किंवा गगनबावड्याच्या औषधनिर्मात्याला ठाऊक असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ दिवसेंदिवस बंद पडला. अशा दिवसांत पुण्याहून निघालेली गाडी शहरात पोहोचू शकत नाही, मग तीत सर्पदंशावरील लस असो की सलाईन. तेव्हा या जिल्ह्यापुरते तरी एवढे ठरले पाहिजे: प्राणरक्षक यादीतील माल मेअखेर जिल्ह्यातल्या, पूररेषेबाहेरच्या गोदामात येऊन पडावा, त्याची मागणी तालुक्यांकडून डिसेंबरातच घेतली जावी, आणि मार्चअखेर निधी संपविण्याच्या गडबडीत ही यादी बाजूला पडू नये. प्राधिकरणाला यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. मागणीपत्रकाच्या नमुन्यात निकडीचा एक रकाना वाढविला की पुरे.