रोडग्याला बाटी म्हणू नका

जून महिन्यात चार दिवसांच्या अंतराने दोन खवय्या प्रवाशांचे स्मृतिदिन येतात. ८ जून अँथनी बोर्डेन यांचा आणि १२ जून पु. ल. देशपांडे यांचा. पु.लं.ना जाऊन २००० पासून इतकी वर्षे लोटली, तरी पांढुर्णा-सौंसरच्या मराठी घरांत त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. बोर्डेन हे न्यूयॉर्कचे. आयुष्याची पुष्कळ वर्षे हॉटेलच्या भटारखान्यात राबलेला हा आचारी २००० मध्ये एका पुस्तकाने प्रसिद्धीस आला आणि पुढे दूरचित्रवाणीसाठी जगभर जेवत हिंडला. २०१८ मध्ये फ्रान्समध्ये चित्रीकरण चालू असताना त्यांनी आयुष्य संपविले. दोघांना एका पंगतीत बसविण्याचे कारण एवढेच, की दोघेही पदार्थाइतकेच तो रांधणाऱ्या माणसाकडे बघत. परक्याच्या घरी पानावर बसताना दोघांनीही आपला मोठेपणा चपलांबरोबर बाहेर ठेवला.

आमचा आक्षेप आहे तो आपल्याकडे पु.लं.चे स्मरण ज्या रीतीने होते त्यावर. सभागृहात 'माझे खाद्यजीवन' वाचले जाते, ठरलेल्या जागी हशा येतो, अध्यक्ष 'आता असा रसिक होणे नाही' असे म्हणतात, आणि मंडळी उठून बाहेर मांडवात जातात. तेथे काय असते? हक्का नूडल्स, पनीर, आणि कोपऱ्यात 'महाराष्ट्रीयन स्टॉल' या पाटीखाली वडापाव. महाराष्ट्राच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर, सात-सात पिढ्या मराठी बोलणाऱ्या गावात, मराठी जेवणासाठी एक स्टॉल! ज्या माणसाने चवीवर इतक्या जिव्हाळ्याने लिहिले, त्याच्या पुण्यतिथीला याहून मोठी थट्टा कोणती असेल?

बोर्डेन यांच्याकडे वळतो, कारण हा प्रश्न आपल्याला नीट दाखवून देणारा मुलूख त्यांच्या आवडीचा होता. कॅनडाचा क्वेबेक प्रांत. २०१३ मध्ये त्यांनी या प्रांतावर एक भाग केला. गोठलेल्या नदीवर मासेमारीसाठी उभारलेली लाकडी खोपी, बाहेर हाडे गोठविणारी थंडी, आणि आत मॉन्ट्रियलचे दोन आचारी, फ्रेडरिक मोरँ आणि डेव्हिड मॅकमिलन, जुन्या फ्रेंच रिवाजाने एकामागून एक वाढणी वाढत आहेत. खोपी कोळ्याची, पण भांडी जुनी आणि घरंदाज. त्याच शहरातील मार्टिन पिकार यांच्या उपाहारगृहात पुटिनवर बदकाचे यकृत घालतात. (आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरात यातले काहीच शिजणार नाही, हे आम्ही जाणतो. मुद्दा मांसाचा नाही.) पुटिन म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या फोडी, त्यांवर ताज्या चीजचे दाताखाली चिवचिवणारे गोळे आणि वरून गरम रस्सा. १९५० च्या दशकात खेड्यांतील ढाब्यांसारख्या खानावळींत जन्मलेला हा पदार्थ. मार्च-एप्रिलमध्ये मॅपलच्या झाडांतून रस गळू लागला की माणसे रानातल्या साखर-खोपटांत जमतात. सुमारे चाळीस लिटर रस आटविला की एक लिटर पाक हाती येतो. तो गरम पाक बर्फावर ओतून काडीला गुंडाळून खातात. गुऱ्हाळावर काकवीसाठी वाटी घेऊन उभ्या राहिलेल्या आपल्या लोकांना त्या आनंदाची फोड करून सांगायला नको. नाताळच्या मध्यरात्रीच्या जेवणाला खिम्याची तूर्तिएर हवीच. ती नसेल तर सण झाला असे तेथील आजीबाई मानीत नाहीत.

हे सारे आमच्या पत्रिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. १७६३ च्या पॅरिस तहाने फ्रान्सने कॅनडा इंग्रजांना देऊन टाकला. तेथील फ्रेंच शेतकरी घर सोडून कोठे गेले नाहीत. राज्य तेवढे त्यांच्या डोक्यावरून बदलले. आपलेही तसेच झाले. भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात स्थिरावलेली आपली घराणी जागची हलली नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी नागपुराहून भोपाळला गेली, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये या दोन गावांचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, पण पाटी हिंदीच राहिली. क्वेबेकमध्ये १९७८ पासून मोटारींच्या क्रमांकपट्टीवर 'मला आठवते' अशा अर्थाचे फ्रेंच शब्द असतात. आपल्या मोटारींवर काय असावे हा वेगळा वाद आहे. आपल्या ताटात काय आहे, एवढाच आमचा प्रश्न.

इंग्रजी बोलणारे या फ्रेंच शेतकऱ्यांना एके काळी 'वाटाण्याचे सूप पिणारे' म्हणून हिणवीत. त्यांनी सूप सोडले नाही. पुटिनलाही पुष्कळ वर्षे गावंढळ खाणे म्हणून नाके मुरडली गेली. आज तो सगळ्या कॅनडाचा पदार्थ म्हणून मिरविला जातो आणि क्वेबेकचे लोक 'तो आमचा आहे' म्हणून भांडतात. आपल्याकडे नेमके उलट घडते. भोपाळ-इंदूरचा पाहुणा आला, की त्याला समजावे म्हणून यजमान रोडग्याची ओळख 'आपली बाटीच समजा' अशी करून देतो. कशासाठी? माळव्याचा बाफला आधी पाण्यात उकळतात, मग भाजतात. रोडगा पाण्यात जात नाही. जाडसर दळलेल्या कणकेच्या लहान पुऱ्यांना तेल लावून एकीवर एक ठेवायच्या, सगळ्या एका मोठ्या पारीत कोंडून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. बाहेरची साल करपते, राख झटकून फोडले की आत पदर सुटतात, त्यांत तूप मुरते. सोबत वरण आणि वांग्याची तिखट भाजी. शेतावरच्या रोडग्यांच्या जेवणात आगीजवळ बहुधा पुरुष असत, हेही नोंदवून ठेवण्याजोगे आहे. नाथांच्या भारुडातील सुनेने भवानीला नवस बोलला तोही रोडग्याचाच. ज्याला मराठी वाङ्मयात चारशेहून अधिक वर्षांचे स्थान आहे, त्याला दुसऱ्याच्या नावाने हाक मारण्याचे सौजन्य आम्हांस मान्य नाही.

आणि केवळ हिंदीचा दोष काढून भागणार नाही. पुण्या-मुंबईच्या चवीपुढे आपण तितक्याच तत्परतेने वाकतो. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) हे मोठे काम आहे. सासरी निघालेल्या किती मुलींच्या पेटीत ते गेले असेल! पण ते स्वयंपाकघर मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राचे. त्याच्या जोरावर आपल्या घरांत सांभारवडीची कोथिंबीरवडी झाली, दोन्ही पदार्थ निराळे असूनही. आपल्याकडे 'सांभार' म्हणजे कोथिंबीर, हे मुलांना आता सांगावे लागते. ती इडलीबरोबरची वाटी शोधतात. भेदऱ्याची चटणी 'टोमॅटोची' झाली. पाटोडीचा रस्सा, कढीगोळे, वडाभात, पळसाच्या पानात भाजलेले पानगे, तरोट्याची आणि चिवळीची भाजी यांपैकी किती शब्द आपल्या नातवंडांना कळतील? पु.लं.नी मराठी माणसापुढे मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर असा पर्याय ठेवला होता. चौथे नाव त्यात नव्हते. ते पांढुर्णेकरांनीच पुढे करायचे होते.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: 'हे सगळे विदर्भाचेच आहे, आपले वेगळे असे काय?' फ्रेंच कॅनडाच्या जेवणाची मुळेही नॉर्मंडीसारख्या फ्रेंच प्रांतांत आहेत. म्हणून मॉन्ट्रियलचा आचारी आपले ताट पॅरिसच्या नावावर लिहून देत नाही. मूळ कोठले, याचे उत्तर इतिहासात मिळते. आज कोण रांधतो, यावर मालकी ठरते. आपली संत्री बाजारात नागपूरची म्हणून जातात. व्यापाऱ्याचा त्यात फायदा असेल, आणि त्यावर आम्ही येथे अधिक लिहीत नाही. पण निदान घरातल्या भाकरीला तरी नागपूरचे लेबल नको.

दुसरी तक्रार याहून जुनी आहे: 'आमच्याकडे कोणी येतच नाही.' खरे आहे. दिल्लीहून मद्रासेस जाणारा लोहमार्ग पांढुर्ण्यावरून जातो. पिढ्यान्‌पिढ्या देशभरचे प्रवासी आपल्या फलाटावरून गेले आणि उतरले नाहीत. वर्तमानपत्रांना आपली आठवण होते ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीवर गोटमार होते तेव्हा. पण बोर्डेन क्वेबेकला गेले म्हणून तेथील चुली पेटल्या, असे झाले नाही. मोरँ आणि मॅकमिलन यांचे उपाहारगृह २००५ पासून आणि पिकार यांचे २००१ पासून चालू होते. त्यांचे गिऱ्हाईक गावचे होते. प्रवाशाला तेथे आनंद झाला तो यजमान संकोचत नव्हते म्हणून. 'तुम्हाला आवडेल की नाही कोण जाणे' असे म्हणत वाढलेले जेवण कोणत्या पाहुण्याला गोड लागेल?

वाङ्मयीन संस्थेने स्वयंपाकात का पडावे, हा प्रश्न विचारणाऱ्यांना दुर्गाबाई भागवतांची आठवण करून देतो. लोकसाहित्याच्या या पंडितेने 'खमंग' लिहिताना लेखणी विटाळली असे मानले नाही. आपल्या पत्रिकेत मात्र चारोळ्यांना जागा मिळते आणि पाटोडीच्या कृतीला मिळत नाही.

तेव्हा कार्यकारिणीपुढे आमची मागणी अशी. येत्या स्नेहसंमेलनात केटररचा बुफे रद्द करावा आणि जमिनीवर पंगत बसवावी. पानात रोडगे, वरण, वांग्याची भाजी, सांभारवडी आणि भेदऱ्याची चटणी असावी. सभासद-भगिनींना चुलीशी जुंपून पुरुषांनी आत निबंध वाचावेत, असे होता कामा नये. रोडगे भाजण्याचे काम पुरुष सभासदांनी घ्यावे, आणि ज्या जाणत्या बायकांकडून बाकीचा स्वयंपाक करवून घ्यायचा त्यांना आचाऱ्याइतकीच बिदागी द्यावी. प्रत्येक अंकात एक कृती, सांगणारीच्या शब्दांत, 'सांभार'ची कोथिंबीर न करता छापावी. भोपाळचे पाहुणे प्रमुख वक्ते म्हणून येणारच आहेत. पदार्थाचे नाव त्यांना मराठीतच सांगावे. गोवऱ्यांची व्यवस्था आम्ही करतो. वांगी सौंसरच्या मंडळींनी आणावीत.