केली, की करवून घेतली?

परवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मित्रानं फोटो टाकला. तो अमेरिकेत असतो. घराला लागून दोन गाड्यांचं गॅरेज, आणि त्यात लाल रंगाची १९६८ ची मस्टँग, आरशासारखी चकचकीत. खाली ओळ: "तीन वर्षं खपलो. स्वतःच्या हातांनी उभी केली." बघताबघता अंगठ्यांचा पाऊस पडला. एक अंगठा माझाही होता.

पण मला राहवेना. मी फोन केला. म्हटलं, "या गाड्यांचा मागच्या चाकांवरचा पत्रा कुजलेला असतो. तो कसा केलास?"

"तो बॉडी शॉपला दिला."

"इंजिन?"

"मशीन शॉपला. सिलिंडर बोअर करायचे होते ना."

"रंग?"

"रंग काय घरी मारतात होय?"

"आणि सीटा?"

"एक मेक्सिकन माणूस आहे. काय सुंदर काम करतो म्हणून सांगू!"

"नाव काय त्याचं?"

पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, "थांब, बघून सांगतो. नंबर 'सीटवाला' म्हणून सेव्ह केलाय."

माझा मित्र खोटारडा नाही. पैसे त्याचे होते. रात्र-रात्र जागून त्यानं पार्ट शोधले, रंगाचा मूळ कोड शोधून काढला, दारांची हँडलं स्वतः बसवली. हे सगळं कामच आहे. पण "स्वतःच्या हातांनी उभी केली" हे वाक्य खरं नाही, आणि ते खरं नाही हे त्याला माझ्या चौथ्या प्रश्नापर्यंत जाणवलंही नव्हतं. मला भांडायचं आहे ते या न जाणवण्याशी.

आपल्या भाषेनं यासाठी दोन वेगळी क्रियापदं दिली आहेत: करणं आणि करवून घेणं. आजी म्हणायची, "पाटल्या करवून घेतल्या." सोनाराचं काम तिनं कधी स्वतःच्या खात्यात जमा केलं नाही. आपण मात्र शिकलो, परदेशी आलो, आणि आपलं दुसरं क्रियापद हरवलं. आता आपण घर बांधतो, किचन रिमॉडेल करतो, गाडी रिस्टोअर करतो. सगळं आपणच.

इथं मी साळसूदपणा करत नाही. दीड वर्षापूर्वी महबूलातच एका घरी, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात धरून मीही म्हणालो होतो, "सध्या एक सत्तर सालची शेव्हेल करतोय." लोकांच्या भुवया उंचावल्या. मला फार बरं वाटलं.

त्या वाक्याचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

महबूला ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: कुवेत शहराच्या दक्षिणेला, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला फहाहीलचा हमरस्ता, आणि मधे दाटीनं उभ्या भाड्याच्या इमारती. इथं कोणाच्या घराला गॅरेज नसतं. तळघरात एक गाडी लावायची जागा मिळाली तरी नशीब. १२ जून २०२४ ला शेजारच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि पंचेचाळीसच्या आसपास भारतीय माणसं गेली. त्यानंतर इमारतीत थिनरचा डबा ठेवायचा विचारसुद्धा मनात येत नाही, येऊही नये. तेव्हा "घरच्या घरी, फावल्या वेळात" या शब्दांचा अर्थ माझ्यापुरता एवढाच: पेट्रोलचा थेंबही न उरलेला, गॅरेजमध्ये धुऊन आणलेला एखादा सुटा भाग, जुनं वर्तमानपत्र आणि शुक्रवारची दुपार.

अशा दुपारी मी काय काय केलं? कार्ब्युरेटर केला. रोचेस्टरचा क्वाड्राजेट, चार नळ्यांचा. त्यातला फ्लोट वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो, मग तो पुरेसा वर तरंगत नाही आणि गाडी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढते. फ्लोट बदलला, जेट तारेनं नव्हे तर हवेच्या झोतानं साफ केले, गॅस्केटं नवी घातली. तीनदा उघडला, तीनदा बंद केला. डिस्ट्रिब्युटर केला. व्ही-एटच्या ठिणगीचा क्रम पाठ केला: एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन. दारांची हँडलं आणि डॅशबोर्डातलं घड्याळ केलं. बायको म्हणाली, "कुकरच्या शेजारी नको." म्हणून इस्त्रीच्या टेबलावर केलं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

आता उरलेली गाडी. ती इथून काही अंतरावरच्या एका गॅरेजमध्ये आहे. कुठल्या, ते सांगत नाही. का, ते पुढे कळेल. तिथं एक मिस्त्री आहेत. पन्नाशीच्या पुढचे, कोकणातले. मला "डॉक्टरसाहेब" म्हणतात, आणि त्यात थोडी थट्टा असते.

मी गंजाचा डॉक्टर आहे हे इथं सांगायला हवं. तेलाच्या पाइपांना आतून गंज का चढतो, यावर माझी पीएच.डी., आणि सध्याचं पोस्टडॉकचं कामही तेच. शेव्हेलच्या मागच्या काचेखाली पाणी साठतं आणि तिथला पत्रा आतून कुजतो, हे मला रासायनिक समीकरणासकट सांगता येतं. पण तो नक्की कुठपर्यंत कुजला आहे, हे मिस्त्रींनी बोटाच्या पेरानं टकटक करून सांगितलं. "हा आवाज पत्र्याचा. हा लांबीचा." मग खिशातून लोहचुंबक काढून लावून दाखवला. पत्र्यावर चिकटला, लांबीवरून घसरला. आधीच्या कुणीतरी बोटभर जाडीची लांबी भरून वर सुंदर रंग मारला होता. मी ती गाडी घेताना हात फिरवून "बॉडी उत्तम आहे" असं म्हणालो होतो.

कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा होता. मी हट्टानं वेल्डिंगची बंदूक हातात घेतली. एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पत्रा. चार इंचांत मी तीन भोकं पाडली. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी बंदूक घेतली, एक टिपका इथं, दुसरा वीतभर लांब, तिसरा पलीकडच्या टोकाला, मग थांबून ओल्या फडक्याचा हात. सलग वेल्ड केला तर पत्रा तापून पसरतो, निवताना आकसतो आणि सपाट पत्र्याला कायमची लाट येते. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर शिकवलेलं आहे. माझ्या हाताला ते माहीत नव्हतं.

डिकीचा तळ, मागचे दोन्ही पत्रे, काचेची चौकट, ब्रेकच्या नळ्या, इंजिन उतरवणं आणि चढवणं: सगळं त्यांचं. गाडीचं काम वजनावर मोजलं तर माझ्या वाट्याला जेमतेम बादलीभर येईल. आणि मी म्हणालो होतो, "शेव्हेल करतोय."

तुम्ही म्हणाल, बोलण्यातला सैलपणा आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? सगळ्यांना कळतं.

कळतं का? आपल्या घरांत मुलांना काय धमकी दिली जाते ते आठवा. "अभ्यास केला नाहीस तर गॅरेजमध्ये पाने धुवावे लागतील." ज्या हातांची भीती घालून आपल्याला मोठं केलं, त्याच हातांचं काम पन्नाशीत आपण छंद म्हणून मिरवतो. काम तेच. फक्त ते पोटासाठी केलं की कमीपणा, आणि शनिवारी केलं की "स्ट्रेस जातो." मग छंदाच्या फोटोत तो पोटासाठी काम करणारा माणूस कसा मावणार? त्याला चौकटीबाहेर ठेवावंच लागतं. हा सैलपणा नाही. ही जुनी सवय आहे, आणि ती आपण सामानाबरोबर घेऊन आलो आहोत.

दुसरा आक्षेप: पैसे दिले ना, मग संपलं. यावर मला माझ्याच धंद्यातलं उत्तर आहे. मलाही पगार मिळतो. तरी शोधनिबंधावर माझं नाव दुसऱ्याऐवजी चौथं आलं तर मी आठवडाभर नीट झोपत नाही. आणि ज्या तंत्रज्ञानं चार महिने यंत्रापाशी उभं राहून मोजमापं घेतली, त्याला आभाराच्या एका ओळीत गुंडाळताना मला छान झोप लागलेली आहे. पगार आणि श्रेय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्वतःच्या बाबतीत आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

या गाड्यांचा इतिहाससुद्धा असाच लिहिला गेला आहे. १९६४ साली कंपनीचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिॲकच्या लोकांनी ३८९ चं इंजिन 'ऐच्छिक पॅकेज' म्हणून आत सरकवलं आणि जीटीओ जन्माला आली. त्यांतल्या जॉन डिलोरियनचं नाव सगळ्यांना पाठ. पुढे विम्याचे हप्ते आणि धुराचे नियम यांनी या गाड्या खंगत गेल्या, आणि १७ ऑक्टोबर १९७३ ला अरब तेलमंत्र्यांनी उत्पादन कपातीचा निर्णय घेतला तो याच कुवेतमध्ये बसून. तेही इतिहासात आहे. आपल्या मुंबईतसुद्धा १९२८ साली शिवडीला जनरल मोटर्सनं शेवरलेट जोडायला सुरुवात केली. कंपनीचं नाव राहिलं. बोल्ट आवळणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव तुम्हांला येतं? मलाही येत नाही.

हे फक्त मोठ्या कारखान्यांचं नाही. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आणली. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल नकोत. ही अट प्रत्यक्षात पाळतो कोण? अर्जावर सही करणारा मालक, की पत्रा कापताना मूळ कडा तशीच राखणारा डेंटर? तुमच्यातले काहीजण गावाकडची वडिलांची फियाट किंवा आजोबांची मॉरिस उभी करायच्या बेतात असतील. रॅलीत तिच्यासमोर पाटी लागेल: मॉडेल, साल, मालक. त्याखाली अजून एका ओळीला जागा असते.

इथपर्यंत मी आवेशात लिहिलं, आणि मग मिस्त्रींना सांगायला गेलो. म्हटलं, लेख लिहितोय, तुमचं पूर्ण नाव घालणार. मला वाटलं, खूश होतील.

ते बराच वेळ हातातला पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "नको, डॉक्टरसाहेब. माझा इकामा दुसऱ्याच्या नावावर आहे. नाव छापलंत तर माझं काम जाईल, आणि कदाचित मीही जाईन." मग मला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाले, "तुम्हीच केली म्हणा. चालतंय."

म्हणून इथं त्यांचं नाव नाही. एक-दोन तपशीलही मी मुद्दाम बदलले आहेत. ज्याचं श्रेय त्याला द्या म्हणून ओरडणाऱ्या लेखात मुख्य माणूसच बेनाव राहिला, ही या लेखाची उणीव आहे आणि ती मी भरून काढू शकत नाही. पण त्यांचं "चालतंय" मला चालत नाही. नाव घेतलं की ज्याची भाकरी जाते, त्याचं नाव घेऊ नका. तिथं निदान क्रियापद तरी खरं वापरा. आणि जिथं नाव घेतल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, त्या पुण्यात, नाशकात, न्यू जर्सीत, ह्यूस्टनमध्ये तुमच्यापाशी काय सबब आहे?

मागणी फार मोठी नाही. गाडीची बिलं ज्या फाइलीत ठेवता, तिच्या पहिल्या पानावर लिहा: पत्रा कोणी केला, इंजिन कोणी, शिवण कोणी. फोनमधल्या 'सीटवाल्या'ला नाव द्या. "दोन तासांचं तर काम" असं म्हणून घासाघीस करण्याआधी ते दोन तास एकदा स्वतः करून बघा. जे स्वतः केलंत ते छाती फुगवून "केलं" म्हणा, आणि उरलेलं "करवून घेतलं". छंदाची मजा त्यानं कमी होत नाही. माझा क्वाड्राजेट अजूनही मला तितकाच सुंदर दिसतो.

मित्राचं सांगायचं राहिलं. दोन दिवसांनी त्यानं ग्रुपवर त्या सीटा शिवणाऱ्याचा फोटो टाकला, नावासकट. या वेळी अंगठे फक्त चार.

आणि माझी गाडी? पुढच्या महिन्यात मिस्त्री सुट्टीवर गावी चालले आहेत, दोन महिने. तेवढे दोन महिने शेव्हेल जॅकवर तशीच उभी राहील. मी मात्र इथंच आहे, पीएच.डी.सकट.