हसणारे पुष्कळ, वाटेकरी एकही नाही

देवाने आपल्याला पावित्र्य द्यावं, पण एवढ्यात नको, अशी प्रार्थना तरुणपणी केल्याचं संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. त्याला 1600 वर्षं झाली, पण ख्रिस्ती मंडळींचं त्यावरचं हसणं काही थांबलेलं नाही. उपवासकाळ तोंडावर आला की ते वाक्य हमखास फिरतं. कोणी त्याला मटणाच्या ताटाचं चित्र जोडतं, कोणी भरलेल्या ग्लासाचं. त्याच ग्रंथात ऑगस्टीन खुद्द हसण्याविषयी बोलला आहे, ते मात्र कोणी फिरवत नाही. 16 वर्षांचा असताना थागास्ते या आपल्या गावी, म्हणजे आजच्या अल्जीरियात, त्याने मित्रांबरोबर रात्री दुसऱ्याच्या झाडावरची पेअर झोडून नेली. भूक नव्हती, फळंही काही खास नव्हती. बरीचशी डुकरांपुढे टाकली. मग चोरली कशाला, या एका प्रश्नावर तो स्वतःची पानोपानी उलटतपासणी घेतो. मालकाला कसं बनवलं, या विचाराने मनाला गुदगुल्या होत होत्या, असं तो कबूल करतो. एकटा असतो तर हे केलंच नसतं, कारण एकट्याला असं हसू सहसा फुटत नाही.

पापावरचा विनोद टोळीत होतो, आणि टोळीला झाडाच्या मालकाचा विसर पडतो. ख्रिस्ती माणसाने पापाची थट्टा करू नये असं मी म्हणतो ते एवढ्याचसाठी. देवाला राग येईल, चर्चची शिस्त बिघडेल, ही कारणं मला दुय्यम वाटतात. वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. लुटीचं खायला सगळं घर होतं, पापाचा वाटेकरी व्हायला कोणी तयार झालं नाही. विनोदाचंही तसंच असतं. हसायला घोळका जमतो. ज्याचं गेलं तो त्या घोळक्यात नसतो.

दाविदाचंच पाहा. बथशेबेला गच्चीवरून पाहणारा राजा हा शब्बाथशाळेच्या शिक्षकांपासून धर्मगुरूंपर्यंत सर्वांच्या कोट्यांचा आवडता विषय. त्या कोट्यांत राजा असतो, गच्ची असते, आंघोळ असते. बथशेबेचा नवरा उरीया हित्ती नसतो. आघाडीवरून बोलावून आणलेला, सोबती उघड्यावर झोपत असताना आपण घरी कसं जावं म्हणून राजवाड्याच्या दाराशी पडून राहिलेला हा शिपाई. त्याला मारण्याचा हुकूम लिहिलेलं पत्र त्याच्याच हाती देऊन दाविदाने त्याला सेनापती यवाबाकडे धाडलं. आणि बथशेबेला राजाच्या माणसांनी बोलावून नेलं, तेव्हा तिला नाही म्हणण्याची सोय होती का? या गोष्टीवर कोटी करायची तर आधी या दोघांना बाहेर काढावं लागतं. एकदा ते काढले की मग ती खरोखरच गमतीची होते.

आता समोरचे काय म्हणतात ते ऐकू. त्यांचं पहिलं म्हणणं असं की, नरकाची भीती घालून पिढ्यान्‌पिढ्या माणसांना वाकवलं, विनोदाने ते जोखड उतरलं. यातला पूर्वार्ध मला मान्य आहे. पापाच्या भीतीवर धंदाही झाला. 1517 साली योहान टेट्झेल जर्मनीत गावोगाव क्षमापत्रं विकत हिंडत होता. पण टेट्झेल पापाला गंभीरपणे घेत होता असं कोण म्हणेल? पैसे टाकून जे फिटतं ते गंभीर नसतंच. म्हणून तर त्याच वर्षी ल्यूथरने जी 95 विधानं मांडली, त्यांतलं पहिलंच असं की, श्रद्धावंताचं सगळं आयुष्य हाच पश्चात्ताप असावा.

ल्यूथरचं नाव निघालं की आपले विनोदवीर सरसावून बसतात. त्यानेच मेलांख्थोनला खुशाल पाप कर म्हणून लिहिलं होतं ना? लिहिलं होतं, ऑगस्ट 1521 मध्ये, वार्टबुर्गच्या किल्ल्यातून. पण पत्राचा रोख पाहावा. काल्पनिक पापांसाठी काल्पनिक कृपा मागत बसू नकोस, खरी कृपा खऱ्या पाप्यासाठीच असते, असं तो एका अतिसंकोची मित्राला बजावतो आहे. शुक्रवारी चुकून मांसाचा तुकडा पोटात गेला म्हणून कासावीस होणाऱ्याला आणि त्यावर विनोद करणाऱ्याला हे पत्र एकाच वेळी लागू पडतं. दोघेही खऱ्या पापाला बगल देत आहेत.

दुसरा मुद्दा अधिक गोंडस आहे: देव प्रेमळ आहे, क्षमा करणं हे त्याचं कामच आहे. मरणशय्येवरच्या हाइनरिश हाइनेच्या नावावर अशाच अर्थाचा एक शेरा सांगतात. हाइने कवी होता, मरणाच्या दारात होता, त्याला तो शोभला. रविवारच्या उपासनेनंतर अंगणात चहा पिताना आपण तोच शेरा मारतो तेव्हा त्यात ना कवित्व असतं, ना मरण. डीट्रिश बोनहोफरने 1937 च्या आपल्या पुस्तकात याला ‘स्वस्त कृपा’ म्हटलं. चर्च पापाला क्षमा जाहीर करतं, पाप्याने बदलण्याचं नाव काढत नाही, आणि सगळं जिथल्या तिथे राहतं, अशी त्याची तक्रार होती. समोर हिटलरचा जर्मनी होता आणि तिथली बरीच चर्चेस त्याच्याशी जुळवून घेत होती. एप्रिल 1945 मध्ये फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत नाझींनी त्याला फाशी दिलं. क्षमा फुकट मिळते हे तोही मानत होता. फुकट मिळालेली वस्तू कवडीमोलाची समजू नये, एवढंच त्याचं सांगणं होतं.

प्रत्यक्ष येशू विनोद करीत होता, हा तिसरा मुद्दा. करीत होता, आणि चांगला करीत होता. सुईच्या नेढ्यातून जाणारा उंट किंवा स्वतःच्या डोळ्यात मुसळ असताना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेला माणूस, ही चित्रं ऐकणाऱ्यांना हसू आल्याशिवाय राहिलं नसेल. पण तो बाण कोणाला लागतो? श्रीमंताला, आणि दुसऱ्यांचा न्याय करणाऱ्याला. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला जमावाने त्याच्यापुढे उभं केलं तेव्हा मात्र त्याने एकही चमकदार वाक्य टाकलं नाही. खाली वाकून तो जमिनीवर लिहीत राहिला. मग जमावाला त्यांची पापं दाखवली, आणि सगळे पांगल्यावर तिला शिक्षा न देता पुन्हा पाप करू नको म्हणाला. तिच्या वाट्याला दगडही आला नाही आणि कुचेष्टाही आली नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला तर हसण्याविरुद्ध बोलताच यायचं नाही. आपल्याच सोवळ्याओवळ्याच्या हट्टाकडे त्या मागे वळून जे मिस्कीलपणे पाहतात, त्याला तोड नाही. पण त्या स्वतःला हसतात आणि तो हट्ट सोडून दिल्यावर हसतात. आपल्या समाजात आज याच विषयावर कसं हसतात? लग्न जुळवताना ‘तसे आपण सगळे ख्रिस्तातच एक, पण मूळचे कोण?’ असं गमतीगमतीत विचारून जात काढून घेतात. समोरचाही हसतो, कारण न हसून सांगणार कोणाला? क्रौर्याची लाज वाटते, पण तेच गंमत म्हणून खपवलं की वाटेनाशी होते, हे सी. एस. लुईसने 1942 च्या ‘स्क्रूटेप लेटर्स’मध्ये एका अनुभवी सैतानाच्या तोंडून सांगितलं आहे. ते पुस्तकच विनोदी आहे, हे विसरू नये. हसावं कुठे, हे लुईसला पक्कं ठाऊक होतं.

दारूचंही तेच. लग्नाच्या मांडवात पिऊन झोकांड्या खाणाऱ्या मामाच्या नकला वर्षभर चालतात. रात्री घरी पोचल्यावर तो काय करतो हे मामीला विचारावं. मामी या नकलांना कितपत हसते तेही पाहावं.

आता सगळ्यात जड आक्षेप घेतो. पापाविषयी सर्वांत गंभीर बोलणारं चर्चच मुलांच्या लैंगिक शोषणावर पांघरूण घालत राहिलं, मग त्या गांभीर्याचं काय लोणचं घालायचं? अमेरिकेतल्या जॉन जे कॉलेजच्या 2004 च्या अहवालात 1950 ते 2002 या काळात आरोप झालेल्या धर्मगुरूंची संख्या 4392 आहे. कितीतरी ठिकाणी वरिष्ठांना प्रकार ठाऊक होता. त्यांनी धर्मगुरूला उपचाराला किंवा एकांतसाधनेला पाठवलं, काही दिवसांनी दुसऱ्या धर्मग्रामात नेमलं. म्हणजे पाप म्हणून त्याची दखल घेतली होती. पण देव आणि धर्मगुरू या दोघांतला मामला म्हणून. ते मूल त्या हिशेबात कुठेच नव्हतं. हा आक्षेप मला खोडून काढायचा नाही, कारण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. ज्या गांभीर्यात ज्याला दुखावलं त्याला जागा नाही, ते गांभीर्य आणि मांडवातली नक्कल यांत मला फारसा फरक दिसत नाही.

खरं गांभीर्य कसं असतं ते जुन्या करारात रोकड्या भाषेत आहे. लेवीयच्या पुस्तकातला नियम असा: शेजाऱ्याची ठेव बुडवली, लुबाडलं, सापडलेली वस्तू दडपली, तर मूळ माल आणि वर पाचवा हिस्सा त्याला भरून दे, आणि दोषार्पणाचा मेंढा घेऊन ये. डोंगरावरच्या प्रवचनात येशू याच वाटेने जातो. अर्पण वेदीपाशीच ठेव, भावाशी समेट करून ये, मग ते वाहा. मिशनच्या जमिनींवरून वर्षानुवर्षं कोर्टात भांडून पहिल्या बाकावर बसणाऱ्यांनी आणि त्यावर बाहेर कोट्या करणाऱ्यांनी, दोघांनीही हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

हे मान्य केलं की आणखी एक आक्षेप येतो: अशी माणसं दुसऱ्यांचे न्यायाधीश होऊन बसतात. बसतात खरी. दावीदही बसला होता. नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाची एकुलती एक मेंढी बळकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, तेव्हा राजा संतापला आणि मेंढीची चौपट भरपाई द्यावी असा निकाल देऊन मोकळा झाला. तो श्रीमंत तूच, असं नाथानाने सांगेपर्यंत त्याला पत्ता नव्हता.

तीच चौपट नव्या करारात पुन्हा येते. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय ठेंगणा होता. येशूला पाहायला तो पोराटोरांसारखा धावत जाऊन उंबराच्या झाडावर चढला. गावाने याच्यावर एरवीही विनोद केले असतील, त्या दिवशी तर नक्कीच. त्या फांदीवरच्या माणसाला आपणही हसायला माझी हरकत नाही. खाली उतरल्यावर तो काय म्हणाला ते तेवढं गाळू नये. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं फसवून घेतलं असेल त्याला चौपट. निकाल दाविदाचाच होता, फक्त जक्कयाला तो कोणी सुनावला नव्हता. त्याने तो स्वतःलाच सुनावला, आणि हा पाप्याकडे पाहुणा गेला म्हणून लोक कुरकुरत असतानाच सुनावला.