पूर्वपक्षाची पारख : मराठी ख्रिस्ती वादपरंपरेतील शैली

ख्रिस्ती श्रद्धेच्या समर्थनाला मराठीत चारशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो एका साच्याचा नाही. थॉमस स्टीफन्सने ओवी निवडली, जॉन विल्सनने जाहीर वादसभा, नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांनी दर्शनांची चिकित्सा, पंडिता रमाबाईंनी पत्र, तर नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन. या वैविध्याविषयी दोन मते वारंवार मांडली जातात. पहिले असे, की प्रतिपक्षाला निरुत्तर करणे हेच खरे समर्थन, बाकी सगळा मवाळपणा. दुसरे याच्या नेमके उलट: श्रद्धा हा वादाचा विषयच नव्हे, भक्ती आणि सेवा एवढेच तिचे समर्थन, आणि दुसऱ्याच्या धर्माविरुद्ध युक्तिवाद करणे म्हणजे त्याचा अपमान. ही दोन्ही मते चुकीची आहेत. शैली कोणतीही असो, समर्थनाचा कस लागतो तो पूर्वपक्षात. ज्याला उत्तर द्यायचे त्याचे म्हणणे समर्थकाने किती ऐकले आणि किती खरेपणाने मांडले, हे तिथेच दिसते.

ही कसोटी याच भूमीतली आहे. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी, छलाचाही आधार घेऊन होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खोडत राहणे ती वितंडा. खंडनाला यांत कमीपणा नाही. वादातही खंडन असतेच. फरक हेतूचा आहे, आणि हेतू उघडा पडतो तो पूर्वपक्ष मांडतानाच.

स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये निघाले. त्यात पाद्री कथा सांगतो आणि श्रोत्यांतला ब्राह्मण प्रश्न विचारतो. जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी आमच्या भाषेत काही द्या, ही मागणीही त्या ग्रंथात श्रोत्याच्याच तोंडी आहे. नंतर एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरच्या चरित्रावर मराठी ओवीबद्ध पुराण रचले आणि त्यात हिंदू देवदेवतांचे सविस्तर खंडन घातले. एकाच संघाचे, एकाच प्रदेशातले हे दोन लेखक. एकाने समजावले, दुसऱ्याने खोडून काढले. परंतु दोघांच्याही पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती. गोव्यातल्या सासष्टीतली देवळे त्याआधीच पाडली गेली होती. प्रश्न विचारणारा श्रोता पुराणात होता, पण उलट ग्रंथ लिहून उत्तर देण्याची मोकळीक त्याला नव्हती. म्हणून स्टीफन्सच्या गोड ओवीलाही वाद म्हणता येत नाही. शैलीचा सौम्यपणा त्या उणिवेची भरपाई करू शकत नाही.

ती मोकळीक मुंबईत मिळाली. विल्सन हा स्कॉटिश मिशनरी १८२९ मध्ये आला, कोकणात राहून मराठी शिकला आणि १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांशी त्याचा जाहीर वाद अनेक बैठकींत चालला. मोरभटांनी आपली बाजू ‘हिंदुधर्मस्थापना’ या पुस्तकात मांडली. विल्सनने १८३२ मध्ये इंग्रजीत उत्तर छापले, तेव्हा आरंभी मोरभटांच्या पुस्तकाचे भाषांतर जोडले. ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवी. प्रतिपक्षाचे म्हणणे वाचकाच्या हाती देणे हा प्रामाणिकपणा आहे. तरी त्या उत्तराचा पुष्कळसा भर पुराणांतल्या देवांच्या वर्तनावर राहिला. शास्त्री-पंडित ज्याला आपल्या धर्माचा गाभा मानत, ते कर्माचे आणि ब्रह्माचे तत्त्वज्ञान बाजूला पडले आणि ज्या कथांचा अर्थ ते निराळा लावत, त्या पुढे आल्या. विल्सनचा व्यासंग मोठा होता. पारशी धर्मावर १८४३ मध्ये लिहिताना त्याने मूळ ग्रंथांपर्यंत जाण्याचे कष्ट घेतले. तेव्हा उणीव अभ्यासात नव्हती. प्रतिपक्ष जिथे दुबळा दिसतो तिथेच घाव घालण्याच्या पद्धतीत ती होती.

पहिल्या मताचा खरा पराभव १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर झाला. जानेवारीपासून मेअखेरपर्यंत विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद तिथे चालले. दर गुरुवारी संध्याकाळी वाळूत लोक जमत, आळीपाळीने दोन्ही पक्ष बोलत, भाषा मराठी. ख्रिस्ती बाजूने पुढे होता जॉर्ज बोवेन हा अमेरिकन. तरुणपणी तो स्वतः नास्तिक होता. मुंबईत आल्यावर मिशनचा पगार सोडून तो गरिबांच्या वस्तीत अगदी थोडक्यात राहत असे. त्याने वादांचा इंग्रजी वृत्तांत त्याच वर्षी छापला. विष्णुबावांच्या बाजूचे ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ हे पुस्तक बावांच्या मृत्यूनंतर, १८७२ मध्ये आले. ज्याच्या त्याच्या पुस्तकात जो तो वरचढ. निरुत्तर करणे हेच समर्थन असते, तर पाच महिन्यांच्या या वादाचा काही निकाल लागायला हवा होता. तो लागला नाही, कारण गर्दीसमोर कोणताच पक्ष आपली शंका कबूल करू शकत नाही. बोवेनविषयी मुंबईत जो आदर राहिला, तो त्याच्या राहणीमुळे.

इथेच दुसरे मत पुढे सरसावते: पाहा, वाद व्यर्थच असतो. त्याला उत्तर नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांच्या आयुष्यात आहे.

जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून खऱ्या शास्त्राची तीन लक्षणे सांगितली: संस्थापकाचे चमत्कार, शास्त्राचे पावित्र्य आणि त्याची सार्वत्रिकता. त्याला तीन पंडितांनी संस्कृतात उत्तरे दिली. त्यांतले सर्वांत कडक उत्तर काशीत वाढलेल्या तरुण चित्पावन शास्त्र्याचे होते. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त गोऱ्ह्यांनी विचारले: पूर्वजन्म नाही, तर नुकते जन्मलेले मूल कोणत्या अपराधासाठी दुःख भोगते? मुक्या प्राण्यांनी काय पाप केले? थोड्या वर्षांच्या पापाला अनंत नरक हा कोणता न्याय? ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावही पडले नाही, त्यांचे काय? ख्रिस्ती मताविरुद्ध यापेक्षा नेमके प्रश्न त्या काळात क्वचितच कोणी मांडले असतील. हेच गोरे शास्त्री १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले.

ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी लिहिलेला ‘षड्दर्शनदर्पण’ १८६० मध्ये हिंदीत निघाला. त्यातली पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. वेदान्ताचे खंडन करताना गोरे आधी पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक या तीन सत्ता वेदान्ती जशा मांडील तशा मांडतात. मग विचारतात: व्यावहारिक जग वस्तुतः नाहीच असे म्हणायचे असेल, तर त्याला ‘सत्ता’ तरी कशी म्हणता? आणि ते काही अंशी आहे असे म्हणायचे असेल, तर ब्रह्माखेरीज काही नाही हा सिद्धान्त कसा टिकतो? वेदान्ती याला उत्तर देऊ शकतो आणि देतोही. पण ते उत्तर देताना त्याला आपल्याच सिद्धान्ताच्या गाभ्यात शिरावे लागते. पुराणातल्या कथेवरून हिणवणाऱ्याला असले उत्तर द्यावे लागत नाही, तिथे नुसते दुर्लक्ष पुरते. कोणाच्या विचाराचे खंडन त्या विचाराच्या सर्वांत बळकट रूपात करणे, यात अपमान नाही. तो विचार गंभीर मानल्याची ती खूण आहे. गोऱ्ह्यांच्या स्वतःच्या शंका बाप्तिस्म्याने संपल्या नाहीत. नरकाविषयीचा जुना आक्षेप त्यांना पुढेही छळत राहिला. त्यांच्या लेखनात जी सावध, पायरीपायरीने जाणारी तर्कशैली दिसते ती तिथून येते: ते आपल्याच जुन्या पक्षाशी बोलत होते.

गोऱ्ह्यांच्या लेखनाने आणि पत्रांनी ज्यांना ख्रिस्ताकडे वळवले, त्यांत रमाबाई होत्या. युक्तिवादाने कोणी बदलत नाही, या समजुतीला हे एकच उदाहरण पुरेसे आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे त्यांनी जो वाद घातला, तो बहुतांशी ख्रिस्ती गुरूंशीच. सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांना लिहिलेल्या पत्रांत त्रैक्याचा सिद्धान्त, बिशपांचा अधिकार, सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य यांवर त्या वाकत नाहीत. बायबल मान्य, पण त्याचा अर्थ कोणीतरी वरून सांगेल तोच, हे अमान्य. वेदाधिकार नाकारला गेलेल्या स्त्रीला दुसऱ्या धर्मातही तोच पहारा पत्करायचा नव्हता. घरातल्यांशी असा वाद घालण्याला श्रद्धेचे समर्थन म्हणायचे का? म्हणायलाच हवे. १८९३ मध्ये त्यांनी चालवलेल्या शारदासदन या शाळेतल्या मुलींवर ख्रिस्ती वळण लादले जात असल्याचा आरोप झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादळात रमाबाईंना बोलता आले, ते आपली श्रद्धा कोणाच्या सांगण्यावरून घेतलेली नव्हती म्हणून.

टिळकांचा मार्ग यांहून निराळा. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आपण ख्रिस्तापाशी तुकारामाच्या वाटेने आलो असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत खंडन जवळजवळ नाही. म्हणूनच भक्तीच्या पक्षाचे लोक त्यांना आपला आधार मानतात. पण अभंग हाही पूर्वपक्ष ऐकूनच लिहिलेला होता: ख्रिस्ती होणे म्हणजे परका, साहेबी होणे, हा त्या काळच्या मराठी माणसाचा सर्वांत खोल आक्षेप. षड्दर्शनांच्या चिकित्सेने त्याला उत्तर मिळत नव्हते. वारकऱ्याच्या छंदात ख्रिस्ताला माउली म्हणून आळवले, तेव्हा मिळाले. आणि टिळक वादाला भ्यालेले नव्हते. आक्षेपाचा साहेबी भाग खरा आहे, हे त्यांनी मिशनला सुनावले आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना एकत्र जागा होती. यावर चर्चमधूनच आक्षेप आला की अशाने श्रद्धेची सीमाच पुसते. टिळकांच्या बाजूने याचे उत्तर स्पष्ट आहे: ज्याचे म्हणणे ऐकायचे त्याला दाराबाहेर ठेवून ते ऐकू येत नाही.