साइडपट्टी ही आरोग्याची बाब

पाऊस ओसरला, भातकापणी उरकली आणि पहाटे गारवा जाणवू लागला की कोकणच्या सागरी रस्त्यावर सायकलस्वारांचे थवे दिसू लागतात. कुणी मुंबईहून अलिबाग-मुरूडमार्गे येतात, कुणी पुण्या-कोल्हापूरहून घाट उतरतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी पकडत, एकेक खाडी ओलांडत ते मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जातात. या हौशी मंडळींचे कौतुक होते आणि ते व्हायलाही हवे. पण याच रस्त्यावर सायकल चालवणारे आणखी काही जण आहेत. शाळेला निघालेल्या मुली, बागेत कामाला जाणारे गडी, बाजारहाटाला निघालेले म्हातारे. त्यांचे फोटो कोणी काढत नाही. रस्त्याचा विचार करताना मात्र त्यांनाच आधी धरायला हवे.

रेवस ते रेड्डी हा सुमारे पाचशे किलोमीटरचा सागरी मार्ग आता रुंद होणार आहे. करंजा, आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पुलांची योजना आहे. दळणवळण सुधारेल आणि रुग्णाला शहरात नेणेही सोपे होईल, म्हणून या पुलांचे स्वागतच आहे. मात्र आजवर या रस्त्याचा वेग आवरून धरला तो खाड्यांनी आणि वळणांनी. फेरीबोटीमागे गाड्या थांबतात आणि लांबची वाहतूक महामार्ग धरते. पूल झाले की हा अडसर जाईल. रस्ता रुंद करताना सायकलीसाठी कडेला जागा सोडली नाही, तर आज जी सायकल गावात कशीबशी टिकून आहे, ती उद्या रस्त्यावरून हद्दपार होईल.

यात आरोग्याचा प्रश्न कुठे आला, असे कुणी विचारील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आणि 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. प्रौढाने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. देशातील जवळपास निम्मे प्रौढ तेवढा करत नाहीत. खेड्यात जिम नाही आणि मुद्दाम फिरायला जायची रीतही नाही. पण शाळा, बाजार, आरोग्य केंद्र दोन-चार किलोमीटरवर आहे. रोज येऊन-जाऊन अर्धा तास सायकल चालली, तर पाच दिवसांत हे दीडशे मिनिटांचे माप पुरे होते आणि त्यासाठी वेगळा वेळही काढावा लागत नाही. गुडघे दुखणाऱ्यालाही चालण्यापेक्षा सायकल बहुधा सोसते. रस्त्याच्या भीतीने ती सुटली की तिची जागा दुचाकी घेते आणि रोजचा व्यायाम जातो तो कायमचाच.

लांबून येणाऱ्या सायकलस्वारांनीही या प्रदेशाचे शरीरशास्त्र समजून घ्यायला हवे. नकाशावर समुद्राकाठचा दिसणारा हा रस्ता सपाट नाही. खाडीकाठच्या गावातून तो शे-दीडशे मीटर चढून जांभ्याच्या सड्यावर येतो आणि पुढच्या खाडीला पुन्हा उतरतो. असे चढउतार दिवसात पाच-सहा वेळा होतात. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य उपाय म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन चालत नाही, तो वाळला तरच अंग थंड होते. किनाऱ्याच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ठिबकतो. त्यात चढावर वेग कमी, त्यामुळे वारा लागत नाही, आणि सड्यावर सावलीला झाडही नसते. म्हणूनच पुण्याच्या कोरड्या हवेत सहज शंभर किलोमीटर मारणारा गडी देवगडच्या सड्यावर साठ किलोमीटरला गळून जातो. मार्चमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे वारे वाहतात आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो, त्या दिवशी तर पारा एकदम चढतो. शरीराला अशा हवेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, शनिवार-रविवारच्या सहलीत ती होत नाही. तेव्हा नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हाच हंगाम धरावा, पहाटे निघावे आणि अकराच्या आत सावली गाठावी.

घामाबरोबर मीठही जाते. तासन्‌तास नुसते साधे पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते. डोके दुखते, मळमळते, माणूस बरळू लागतो, क्वचित झटकेही येतात. म्हणून तहानेपुरते प्यावे आणि लांबच्या पल्ल्यात मीठ असलेले पेय घ्यावे. नारळपाणी उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते. त्याच्या जोडीला मीठ घातलेले कोकम सरबत किंवा आरोग्य केंद्रात मिळणारी ओआरएसची पुडी हवी. ती पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, बाटलीच्या मापाने अर्धीमुर्धी घालू नये. ऐन चढावर कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजावा. आधी सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी 108 ला फोन करावा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. चाळिशी उलटलेल्यांनी रक्तदाब व साखर तपासल्याशिवाय लांब पल्ल्याला निघू नये. इन्शुलिन, साखरेच्या काही गोळ्या किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

एवढी काळजी घेतली तरी मोठा धोका मागून येणाऱ्या गाडीचाच. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची जोखीम सुमारे चार टक्क्यांनी वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डांबराच्या कडेला वीतभर खड्डा आणि पलीकडे गटार असेल, तर सायकलस्वाराने बाजूला व्हायचे कुठे? त्यात चिऱ्याचे डंपर, मासळीच्या गाड्यांतून गळून निसरडा झालेला रस्ता आणि रात्री डांबरावर बसलेली मोकाट गुरे. हेल्मेटने डोक्याची इजा बरीच टळते, मागचा लाल दिवा लांबून दिसतो. पण वेगावर आणि रस्त्याच्या रचनेवर हेल्मेट हा उतारा नव्हे.

अपघात झालाच तर पुढचे अंतर मोठे आहे. ग्रामीण रुग्णालयात रक्तस्राव थांबवता येतो, श्वास सांभाळता येतो, पण मेंदूची शस्त्रक्रिया बहुतेक तालुक्यांत होत नाही. सिंधुदुर्गातील गंभीर जखमी आजही गोव्यात बांबोळीला न्यावे लागतात. तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. तेथे अपघातग्रस्तांसाठी चोवीस तास सुसज्ज पथक उभे राहणे ही पुलांइतकीच तातडीची गरज आहे. जखमीला मदत करणाऱ्याला 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही, हे गावागावांत माहीत व्हायला हवे.

सागरी रस्त्याची कामे चालू असतानाच दोन्ही बाजूंना किमान दीड मीटरची पक्की, डांबराशी समपातळीची साइडपट्टी आराखड्यात आली पाहिजे. नव्या पुलांवर सायकल व पादचाऱ्यांसाठी कठड्याआड स्वतंत्र जागा हवी, कारण पूल बांधून झाल्यावर तो रुंद करता येत नाही. गावठाण आणि शाळांजवळ वेगमर्यादा ताशी 30 किलोमीटर असावी आणि ती नुसती फलकावर राहू नये. ग्रामसभांनी हे ठराव आताच करून बांधकाम खात्याकडे पाठवावेत. पाहुणा सायकलस्वार चार दिवसांनी आपल्या गावी परत जाईल. शाळेला निघालेली मुलगी मात्र रोज त्याच कडेने जाणार आहे.